बांधावरची उन्हाळी

मासिकाच्या मराठी विभागात माझं नाव बघून आमच्या विंगमधल्या मुली हसणार आहेत, हे मला लिहायला बसायच्या आधीच माहीत आहे. कारण मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मराठी ही तिसरी भाषा होती आणि वर्गात मराठीत बोललेलं सापडलं की एक रुपया दंड. अजूनही कोणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मला आधी बोटं मोजावी लागतात. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या ज्या चुका दिसतील त्या माझ्या, आणि ज्या दिसणार नाहीत त्या संपादक मंडळाने काढलेल्या!

पण ही गोष्ट इंग्लिशमध्ये लिहिता येत नाही. मी प्रयत्न केला होता. पहिल्याच वाक्यात 'बांध' आला आणि गाडी अडली.

तर सुरुवात दिवाळीपासून करते. २०२४ ची दिवाळी. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. सातारा जिल्हा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर महाबळेश्वर येतं, धुकं येतं, स्ट्रॉबेरी येते. माण तालुका त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. पश्चिमेचे डोंगर पाऊस अडवून ठेवतात आणि आमच्याकडे फक्त ढग पाठवतात. गावी आजी एकटीच राहते. आजोबा जाऊन तीन वर्षं झाली. आजीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं 'पुढच्या महिन्यात करू' असं ती दर महिन्याला म्हणते.

मी आणि माझे दोन चुलत भाऊ, आम्ही ठरवलं की आजीला सरप्राइज द्यायचं. शेताच्या वरच्या बाजूच्या बांधावर कमरेएवढं काहीतरी रान माजलं होतं. राखाडी-हिरवं, कोणाचंच नसल्यासारखं. आम्ही सकाळी सहाला विळे-खुरपी घेऊन गेलो आणि नऊपर्यंत तो सगळा बांध साफ करून टाकला. झाडं उपटताना जाम त्रास झाला. वरचं झाड हातात यायचं, मूळ मात्र जमिनीतच राहायचं. शेवटी आम्ही सगळा ढीग बांधावरच पसरून पेटवून दिला. ढिगाबरोबर सेल्फीसुद्धा काढला. (या सेल्फीचं काम पुढे आहे.)

आजी आमच्यासाठी चहाची किटली घेऊन आली. बांधापाशी येऊन थांबली. डोळे बारीक करून इकडे-तिकडे बघितलं आणि म्हणाली, "उन्हाळी कुठाय गं?"

मी म्हटलं, "काय, आजी?"

तिने खाली वाकून एक अर्धवट जळलेली काडी उचलली, बोटांनी चाचपली आणि परत ठेवून दिली. "बरं, आसू द्या. हात धुवा, च्या घ्या," एवढंच म्हणाली. रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. दिवसभर ती आमच्याशी नेहमीसारखी बोलली, करंज्या दिल्या, पण त्या बांधाच्या दिशेने एकदाही गेली नाही.

रात्री पप्पांनी सांगितलं. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा आजी सतरा वर्षांची होती, लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं. आजी-आजोबा दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मजुरी आणि वर मुलांना सुकडी. (पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, त्याची सुरुवात अशा कामांतूनच झाली. हे आम्हाला शाळेत एका ओळीत होतं, म्हणजे दोन मार्कांना.) कामावर जाता-येता सगळं माळरान करपलेलं असायचं. जनावरांनी खाण्यासारखं होतं ते कधीच संपलं होतं. पण एक झुडूप मात्र तेवढं हिरवं राहिलं होतं. आजोबांनी ते लक्षात ठेवलं. पुढे आमच्या शेताला मातीचा नवा बांध घातला आणि पहिल्याच वळवाने तो दोन ठिकाणी फुटला. तेव्हा आजोबांनी माळावरून त्या झुडपाच्या शेंगा ओटीभर गोळा करून आणल्या आणि बांधावर विस्कटल्या. मूळ खोल जातं, माती धरून ठेवतं म्हणून. त्यानंतर तो बांध पुन्हा फुटला नाही. शाळू पेरायच्या आधी आजोबा त्याच्या हिरव्या फांद्या छाटून रानात गाडायचे. खत विकत आणायला पैसे कुठे होते?

म्हणजे आजोबांनी उभं केलेलं काम आम्ही तीन तासांत जाळलं. तेही मदत म्हणून!

मला इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. मला डॅफोडिल माहीत होतं. शाळेत डॅफोडिलवरची कविता पाठ होती, त्याचं चित्र काढून 'गुड' मिळालं होतं. डॅफोडिल मी आजपर्यंत प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. आणि २०१३ च्या उन्हाळ्यात मी आठ वर्षांची असताना याच गावी आले होते. तेव्हाही दुष्काळ होता, आमचा बैल छावणीत होता, पाणी टँकरने यायचं. पप्पा म्हणतात, त्या मे महिन्यातही बांध हिरवा होता. मला टँकर आठवतो, छावणीतलं एक पांढरं वासरू आठवतं. बांध आठवत नाही. जे बघितलंच नाही ते आठवणार कुठून?

हॉस्टेलला परत आले ते ठरवूनच, की हे झाड शोधायचं आणि परत लावायचं. पण शोधायचं कसं? हातात फक्त एक नाव. इंटरनेटवर 'उन्हाळी' टाकलं तर उन्हाळी सुट्टी, उन्हाळी शिबिर, उन्हाळी भुईमूग आणि उन्हाळी लागण्यावर घरगुती उपाय, एवढं सगळं मिळालं. मग सेल्फी काढून बघितला. आम्हा तिघांच्या दातांमागे ढिगाचा एक कोपरा दिसत होता. झूम केलं तर चपट्या, बारीक, टोकाला किंचित वर वळलेल्या शेंगा दिसल्या. शेंग म्हणजे वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळातलं काहीतरी, एवढं माझ्यासारख्या सिव्हिलवालीलाही कळलं.

आमच्या हॉस्टेलच्या मागे जो उतार आहे तो सगळ्यांनी पाहिला आहे. बांधकामाच्या वेळी डोंगर कापला तेव्हापासून तिथे मुरूम उघडा पडलाय. दरवर्षी ५ जूनला तिथे वृक्षारोपण होतं, फोटो होतो, आणि मार्चपर्यंत फक्त जाळ्या उभ्या असतात. मी एका रविवारी तिथे शोधायला गेले. शेंगांची झुडपं तिथे एक नाही, चार प्रकारची निघाली! पिवळ्या फुलांचं एक होतं. माळीमामांनी सांगितलं, तो तरवड. दुसऱ्याच्या शेंगा फुगलेल्या आणि हलवल्या की वाजायच्या, तो खुळखुळा. तिसरं मला अगदी बरोबर वाटलं. बारीक पानं, बारीक शेंगा. मी आनंदाने रुमालभर शेंगा गोळा केल्या आणि आजीला फोन लावला.

"आजी, सापडली!"

"पान तोडून बघितलंस का?"

"म्हणजे?"

"आगं, यक बारकं पान घे. शेंडा यका हातात, देठ दुसऱ्या हातात. आन् हळू वढ. बाणाच्या शेपटागत तुटलं तर उन्हाळी. न्हाईतर न्हाई."

मी ओढलं. पान वेडंवाकडं, आडवं फाटलं. ती नीळ निघाली, म्हणजे पूर्वी जिच्यापासून निळा रंग काढायचे तिच्या जातीतली. रुमाल झटकून टाकला.

चौथं झुडूप उताराच्या अगदी कडेला, जिथे मुरूम सगळ्यात कडक आहे तिथे होतं. पान म्हणजे मधली एक काडी, तिच्या दोन्ही बाजूंना छोट्या पर्णिका समोरासमोर, आणि टोकाला एकटी एक. म्हणजे मोजल्या तर नेहमी विषम. माझ्या हातातल्या पानावर सतरा होत्या. (तरवडाच्या आणि टाकळ्याच्या पर्णिका जोडीनेच संपतात, टोकाला एकटी नसते. ही खूण पाठ करून ठेवा.) पर्णिकेची खालची बाजू बारीक लवेने राखाडी दिसत होती. शेंड्याकडे जांभळट-गुलाबी रंगाची छोटी छोटी फुलं होती, वाटाण्याच्या फुलाच्या आकाराची. आणि शेंगा सेल्फीतल्यासारख्या, चपट्या, टोकाला वर वळलेल्या.

मी एक पर्णिका तोडली, दोन्ही टोकांना धरली आणि हळूच ओढली. ती सरळ फाटलीच नाही. बरोबर इंग्लिश 'व्ही'सारखी तुटली, एका तुकड्याला टोक आणि दुसऱ्याला खाच. दुसरी तोडली, तीही तशीच. वीस-पंचवीस पानं तोडली असतील मी. माळीमामा म्हणाले, "ताई, झाड ठेवताय का सगळं तोडताय?"

याचं कारण मी नंतर भिंगातून पाहिलं. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत बारीक शिरा अगदी जवळजवळ, तिरप्या आणि एकमेकींना समांतर गेलेल्या असतात. पान ओढलं की ते त्या शिरांच्या रेषेत फाटतं, दोन्ही बाजूंना तिरपं. म्हणून व्ही. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांनी हे केव्हाच बघून ठेवलं होतं. संस्कृतमध्ये या झाडाचं नाव शरपुंखा. शर म्हणजे बाण आणि पुंख म्हणजे बाणाचं पिसं लावलेलं मागचं टोक. म्हणजे आजी जे 'बाणाच्या शेपटागत' म्हणाली, ते संस्कृत नावाचं शब्दशः भाषांतर होतं. आजी चौथी शिकलेली आहे, संस्कृत तिने ऐकलंय ते फक्त पूजेत.

आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमना वनस्पतींची आवड आहे. त्यांच्याकडे फांदी घेऊन गेले तर त्यांनी शास्त्रीय नाव सांगितलं, टेफ्रोशिया पर्पुरिया. ग्रीक भाषेत 'टेफ्रोस' म्हणजे राखेच्या रंगाचा. पानांच्या राखाडी छटेवरून नाव पडलं. राखेचा शब्द ऐकून मला बांधावरचा ढीग आठवला आणि मी गप्प बसले. मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. याच शेंगांच्या कुळात मिल्क व्हेच नावाचा एक प्रचंड गोतावळा आहे, जवळजवळ तीन हजार जातींचा. त्यातल्या कितीतरी मध्य आशियाच्या कोरड्या माळांवर वाढतात. त्यातली एक जात चीन-जपानमध्ये भाताच्या खाचरांत हिरवळीचं खत म्हणून लावतात. आपल्याकडे तमिळनाडूत भाताच्या शेतांत तेच काम 'कोळिंजी' करते, आणि कोळिंजी म्हणजे दुसरी कोणी नाही, आपली उन्हाळीच! आपण ताग आणि धैंचा विकत आणतो आणि ही बिचारी हॉस्टेलच्या मागे फुकट उभी असते.

असो. झाड मिळालं. आता लावणं सोपं, असं मला वाटलं. इथेच खरी परीक्षा सुरू झाली.

जानेवारीत वाळलेल्या शेंगा गोळा केल्या. शेंग उन्हात वाळली की आपोआप तडकते आणि बी उडतं, म्हणून पूर्ण तडकायच्या आधी तोडाव्या लागतात. एका शेंगेत पाच-सहा बिया, तपकिरी, मसुराच्या डाळीपेक्षाही लहान. मेसमधून दुधाच्या रिकाम्या पिशव्या आणल्या, खाली भोकं पाडली, निम्मा मुरूम आणि निम्मी माती भरली, प्रत्येकीत तीन बिया टाकल्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. आठ दिवस झाले, पंधरा दिवस झाले. काही नाही. रूम पार्टनर रोज विचारायची, "काय गं, रिझल्ट लागला का?" महिन्याने तीस पिशव्यांत मिळून दोन रोपं आली, आणि तीही मी इतकं पाणी पाजलं की बुडाशी कुजून आडवी झाली. जे झाड दुष्काळाला पुरून उरलं, ते माझ्या मायेने मेलं.

आजीला फोन केला. ती हसली. "बी लई चिवट आसतंय गं तिचं. ह्ये (म्हणजे आजोबा) वाळूत घालून पायानं रगडायचं."

मग डोक्यात प्रकाश पडला. बीचं कवच इतकं टणक आणि मेणचट असतं की पाणी आतच जात नाही. पाणी आत गेलं नाही तर बी जागं कसं होणार? सिव्हिलच्या भाषेत सांगायचं तर पर्मिअॅबिलिटी शून्य! म्हणून मी रीतसर प्रॅक्टिकल केलं. कॅन्टीनचे चार कागदी कप घेतले, प्रत्येकात दहा बिया. पहिल्या कपात नुसत्या बिया. दुसऱ्यात रात्रभर गार पाण्यात भिजवलेल्या. तिसऱ्यात वर्कशॉपमधल्या पॉलिश पेपरवर हलकेच घासलेल्या, वरची चकाकी जाईपर्यंत, आतला गर दिसू न देता. चौथ्यात उकळत्या पाण्यात टाकलेल्या. (हे पाणी केटलमध्ये उकळलं. रेक्टर मॅडम, हे वाक्य कृपया वाचू नये.)

चौथा कप पहिल्या खेपेला फुकट गेला, कारण मी बिया दहा मिनिटं उकळल्या. त्या सरळ शिजल्या. दुसऱ्या खेपेला पाणी उकळून केटल बंद केली आणि बिया दोन-तीन मिनिटंच बुडवून बाहेर काढल्या. दहा दिवसांनी मोजणी केली. नुसत्या बियांपैकी एक, गार पाण्याच्या दोन, पॉलिश पेपरच्या सात आणि गरम पाण्याच्या सहा. माझ्या आयुष्यात एखाद्या प्रॅक्टिकलचं रीडिंग मी सीनिअरच्या जर्नलमधून न उतरवता लिहिल्याची ही पहिलीच वेळ!

मग सरळ पद्धतच बसवली. बी पॉलिश पेपरवर घासायचं किंवा जाड वाळूत रगडायचं. पेरताना नखाएवढंच खोल. उभट पिशवी वापरायची, कारण मूळ आधी खाली पळतं, पसरट कुंडीत ते अडतं. रोप थोडं मोठं झाल्यावर जागा बदलायला गेलं की मूळ तुटतं आणि रोप रुसतं, म्हणून पिशवीतून मातीसकट हलवायचं, किंवा सगळ्यात उत्तम म्हणजे पावसाच्या तोंडावर जिथे हवं तिथेच बी टाकायचं. पाणी उगवेपर्यंत ओल राहील इतकं, नंतर माती वरून सुकली की मगच. सुरुवातीच्या पानांवर पर्णिका कमी असतात, त्यामुळे 'हे दुसरंच काहीतरी उगवलंय' म्हणून उपटून टाकू नका. मी एक टाकलं.

एक रोप मी मुद्दाम उपटून पाहिलं. बोटभर वर आणि वीतभर खाली! मुळांवर मोहरीएवढ्या गाठी होत्या. ब्लेडने एक गाठ कापली तर आतून गुलाबी. मॅडम म्हणाल्या, गुलाबी म्हणजे गाठ काम करतेय. त्या गाठींत रायझोबियम नावाचे जीवाणू राहतात. झाड त्यांना साखर देतं आणि ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. आणि तो गुलाबी रंग ज्या द्रव्याचा, ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं आहे. वर जमीन भाजत असते आणि खाली हे असं चाललेलं असतं. आजोबा फांद्या छाटून शाळूच्या रानात का गाडायचे, ते मला त्या ब्लेडच्या पात्यावर समजलं.

एक सूचना मात्र लिहायलाच हवी. शरपुंखेला आयुर्वेदात प्लीहशत्रु म्हणतात, म्हणजे प्लीहेच्या आजारावरचं औषध, म्हणून कोणी हॉस्टेलमागची पानं उकळून पिऊ नये. याच झाडाच्या बिया-मुळं कुटून पाण्यात टाकून मासे गुंगवायची जुनी रीत आहे. जे माशाला गुंगवतं ते आपल्याला काय करेल, याचं प्रॅक्टिकल करू नका. गुरंसुद्धा याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून तर ते मोकळ्या माळावर, कुंपणाशिवाय टिकतं.

मार्च-एप्रिल सगळ्यांना आठवत असेलच. पाणी दिवसाआड, बादलीसाठी रांग, सबमिशन. मी तोंड धुतलेलं पाणी मगमध्ये धरून पिशव्यांना घालायची. उताराच्या जाळ्यांमधली जूनची रोपं एकेक करून वाळली. माझ्या पिशव्यांतली चौदा जगली. दुपारी उन्हात पानं मिटून घ्यायची, संध्याकाळी परत उघडायची. माळीमामा एकदा उताराकडे बघून म्हणाले, "ताई, आपण लावलेलं मेलं आणि न लावलेलं जगलं बघा." मी काही बोलले नाही, पण आमच्या एन्व्हायर्नमेंटल स्टडीजच्या पूर्ण पुस्तकात इतकं सोपं वाक्य नाही.

२०२५ साली पाऊस मे अखेरीसच आला. परीक्षा संपल्यावर मी चौदा पिशव्या फळांच्या खोक्यात भरल्या आणि स्वारगेटहून दहिवडीची एसटी पकडली. कंडक्टर म्हणाले, "काय आहे यात?" मी म्हटलं, "उन्हाळी." ते म्हणाले, "आणि तिला तिकीट काढून नेताय? आमच्याकडं चला, ट्रकभर देतो!" अख्खी एसटी हसली. मीपण हसले, पण खोका मांडीवरून खाली ठेवला नाही.

घरी पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता आजीला म्हटलं, "चल बांधावर." ती माझा हात धरून आली. मनात मी पूर्ण भाषण तयार केलं होतं. आजी, चुकलं, पण बघ, मी हॉस्टेलवर रोपं केली, वगैरे. बांधापाशी आलो आणि माझं भाषण तिथेच राहिलं.

बांध हिरवा होता. जिथे आम्ही ढीग जाळला होता, त्या काळ्या पट्ट्यात तर सगळ्यात दाट. बोट-दोन बोटं उंचीची शेकडो रोपं. काही ठिकाणी जुन्या बुंध्यांनाही फूट आली होती, कारण मुळं आम्हाला उपटता आली नव्हती. वर्षानुवर्षं शेंगा तडकून पडलेलं बी मातीत होतं. ते सगळंच्या सगळं पहिल्या पावसाला उगवत नाही. थोडं या वर्षी, थोडं पुढच्या, थोडं त्याच्याही पुढच्या. एखाद्या वर्षी पाऊस फसवून गेला तरी सगळं बी संपत नाही. ज्या टणक कवचाला मी महिनाभर शिव्या घातल्या, ते याच्यासाठी होतं. आणि आमच्या आगीच्या धगीने त्यातल्या काही बियांची कवचं तडकली असणार, केटलचं काम बांधावर आगीने केलं.

आजी खाली बसली. तिला इतकी बारकी रोपं धड दिसत नव्हती. तिने हाताने चाचपलं, जुन्या बुंध्याच्या फुटीची एक पर्णिका तोडली आणि दोन्ही टोकांना धरून ओढली. तुटलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"उन्हाळीच हाय," ती म्हणाली.

"आजी, मी उगाच... माझी चौदा रोपं..."

"उगाच कशाला? खालच्या बांधाला कुठं हाय उन्हाळी? तिकडं लाव." मग थोडं थांबून म्हणाली, "तुमी जाळलं त्ये वरचं व्हतं गं. त्यांनी टाकलेलं अजून खाली हाय."

त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी खालच्या बांधाला चौदा रोपं लावली. ती खड्डा हाताने मोजायची आणि मी पिशवी ब्लेडने कापायची. त्यातली अकरा जगली, असं तिने मला दिवाळीच्या आधीच फोनवर सांगितलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही शेवटी केलं. आता म्हणते, फुलाचा रंग नीट दिसतो.

उरलेलं बी माझ्या कपाटात एका काचेच्या बाटलीत आहे. ज्यांना हवं असेल त्यांनी दुसऱ्या मजल्यावर येऊन न्यावं, पॉलिश पेपर आपापला आणावा. येत्या ५ जूनला उतारावर नवीन रोपं लावायच्या आधी तिथे जे आपोआप उभं आहे, त्याचं एक पान तोडून बघा. दोन्ही टोकांना धरा आणि हळू ओढा.